कंपन्यांच्या खासगी विमानांचे व्यवस्थापन : वाणिज्य शाखेतून तयारी कशी करावी?

विजापूरवेस_बीकॉम
नमस्कार. मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जून 2023 मध्ये विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली आणि जून 2025 मध्ये होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरी विमान हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. मला वैमानिक व्हायचे नाही. मोठ्या कंपन्यांची स्वतःची विमाने असतात, ती चालवण्याची व्यवस्था पाहण्याचे काम मला करायचे आहे. एका संस्थेने एक वर्षाच्या पदविकेसाठी साडेतीन लाख रुपये सांगितले आहेत. वडील टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

रात्रपाळी
मी मूळचा सोलापूरचाच असून मुंबईत अशा विमानांच्या ऑपरेशन्स विभागात अकरा वर्षे आहे. आधी कामाचे स्वरूप सांगतो. संचालकांना गुरुवारी सकाळी दोन शहरे करून रात्री परत यायचे असते. त्या दोन्ही विमानतळांच्या कामकाजाच्या वेळा काय आहेत, विमान उभे करण्यास जागा मिळेल का, इंधन तेथे मिळते का, वैमानिकांचे ड्युटीचे तास नियमात बसतात का आणि विमानाची एखादी तपासणी मुदतीला आली आहे का, हे सारे बुधवारी दुपारपर्यंत जुळवावे लागते. आणि जुळले नाही तर ज्यांच्या पैशातून आपला पगार होतो त्यांनाच 'उद्या जमणार नाही' असे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे लागते. माझ्या मते या पेशातले निम्मे कौशल्य या एका वाक्यात आहे.

नियमांपैकी एक भेद आताच समजून घ्या. खासगी वर्गात नोंदलेले विमान कंपनी स्वतःच्या कामासाठी वापरू शकते, पण भाडे घेऊन दुसऱ्याला देऊ शकत नाही. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नॉन-शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळापत्रकाविना उड्डाणांचा) परवाना लागतो. नियमावली डीजीसीएच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. 1934 च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला असून तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे, त्यामुळे जुन्या नोट्स जपून वापरा.

खतावणी
वरील माहितीत हिशेबाची बाजू जोडतो, कारण बी.कॉम. ही येथे उणीव नाही. विमान वर्षभर जमिनीवर राहिले तरी विमा, हँगरचे (विमान ठेवण्याच्या शेडचे) भाडे आणि वैमानिकांचे पगार चुकत नाहीत. इंधन, उतरण्याचे शुल्क आणि इंजिनाच्या देखभालीचा तासागणिक आकार मात्र उड्डाणाबरोबर वाढतो. म्हणून वर्षाला शंभर तास उडणारे विमान आणि चारशे तास उडणारे विमान यांचा ताशी खर्च फार वेगळा निघतो, आणि स्वतःचे विमान ठेवावे की लागेल तसे भाड्याने घ्यावे, हा निर्णय संचालक मंडळ याच आकड्यावर घेते. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर असून त्यावरील व्हॅट राज्यागणिक बदलतो; स्वस्त ठिकाणी टाकी भरून घ्यावी, तर वाढलेल्या वजनामुळे इंधनही अधिक जळते. असा एक तक्ता स्वतः करून पाहा. मुलाखतीत तो पदविकेपेक्षा अधिक बोलेल.

त्या संस्थेकडे विषयवार अभ्यासक्रम लेखी मागा. केबिन क्रूचे संभाषण आणि पेहराव यांचे धडे 'एव्हिएशन मॅनेजमेंट' या नावाने विकले जाताना मी पाहिले आहेत. पदवीनंतर शिकायचेच असेल तर अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंज येथे केंद्र सरकारचे राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, तेथील अभ्यासक्रम आधी पाहा.

विजापूरवेस_बीकॉम
दोघांचेही मनापासून आभार. कंपन्यांच्या कामासाठी विमाने वापरणाऱ्यांच्या एनबीएए या अमेरिकेतील संघटनेची 'सर्टिफाइड एव्हिएशन मॅनेजर' परीक्षा आताच द्यावी का?

रात्रपाळी
आता नको. तिच्यात नेतृत्व, मनुष्यबळ, ऑपरेशन्स, तांत्रिक सेवा आणि व्यवसाय व्यवस्थापन असे पाच भाग आहेत आणि ती अनुभवी माणसांसाठी आहे. तिच्या विषयांची यादी मात्र छापून ठेवा. पहिली नोकरी चार्टर (विमाने भाड्याने देणाऱ्या) कंपनीच्या ऑपरेशन्स टेबलावर शोधा, पगार थोडा कमी असला तरी चालेल. रात्री दोन वाजता फोन उचलायची तयारी असेल तरच अर्ज करा, हे वडिलांनाही सांगून ठेवा.