हार्डवेअर वॉलेट घ्यावं का? दोन-अडीच लाखाचं क्रिप्टो आहे

कटिंग_चहा
मंडळी एक विचारायचं होतं. २०२१ पासून थोडं थोडं करत बिटकॉइन आणि इथर घेत आलोय, आजच्या भावाने सगळं मिळून दोन-अडीच लाखाच्या आसपास जातं. सगळं एका भारतीय एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) ॲपमध्येच पडून आहे. जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि लोकांचे पैसे वर्षभर अडकून पडले, माझं खातं तिथे नव्हतं म्हणून वाचलो, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपल्या ॲपचं उद्या तसं होणार नाही कशावरून. हार्डवेअर वॉलेट म्हणजे क्रिप्टोची किल्ली ॲपऐवजी आपल्याच हातात ठेवणारं छोटं यंत्र, त्यात लेजर आणि ट्रेझर ही दोन नावं सारखी कानावर येतात. एक जण सेकंडहँड लेजर निम्म्या किमतीत देतोय, सील फोडलेलंच नाही म्हणतो. घेऊन टाकू का? आणि समजा ते यंत्रच हरवलं किंवा बिघडलं तर सगळंच बुडालं का? बायको म्हणते त्यापेक्षा सोनं घेतलं असतंत तर निदान कपाटात दिसलं असतं 😀

खडूस_काका
वहिनींना नमस्कार सांगा.
सेकंडहँड नको म्हणजे नको. सीलबिल काही नसतं, प्लास्टिक गुंडाळून हीट गनने कोणीही सील करून देईल. यातला ठरलेला डाव असा की डब्यात एक छापील कार्ड निघतं, त्यावर २४ शब्द आधीच लिहिलेले असतात, 'हे तुमचे रिकव्हरी शब्द, जपून ठेवा'. नवीन माणसाला वाटतं वा काय सोय केलीय, तो पैसे टाकतो आणि ज्याने कार्ड छापलं तो दोन दिवसांनी उचलून नेतो. शब्द तुमच्यासमोर यंत्राच्या स्क्रीनवरच उमटले पाहिजेत, दुसरीकडून कुठूनही आले तर ते यंत्र कचऱ्यात. कंपनीच्या साइटवरून घ्या नाहीतर त्यांच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते त्यातल्याकडून घ्या. बाहेरून मागवलं तर कस्टमचा भुर्दंड पडतो तो हिशोबात धरा.

घाटमाथा
यंत्र हरवलं तर काय, हा प्रश्न बरोबर विचारलात, बहुतेक लोक घेऊन झाल्यावर विचारतात.
तुमचं बिटकॉइन त्या यंत्रात नसतंच. ते ब्लॉकचेनवर, म्हणजे नेटवरच्या सामायिक खातेवहीत असतं, यंत्रात फक्त किल्ली असते, आणि ती किल्ली त्या १२ किंवा २४ शब्दांवरून पुन्हा तयार होते. म्हणजे यंत्र लोकलमध्ये पडलं तरी चालेल, शब्द असले की दुसऱ्या यंत्रावर, अगदी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरसुद्धा बहुतेक वेळा सगळं परत येतं कारण शब्दांची यादी बहुतेकांची एकच आहे, २०४८ शब्दांची. लेजरवर चुकीचा पिन तीनदा टाकला की ते स्वतःला पुसून टाकतं, त्यामुळे ज्याला सापडलं त्याच्या हातात डबडं राहतं. उलट शब्द ज्याच्या हाती लागले त्याला यंत्राची गरजच नाही. त्यामुळे लोक यंत्राला जपतात आणि कागद टेबलाच्या खणात टाकतात ना, ते बघून हसू येतं.

म्हणून माझं म्हणणं, आधी रंगीत तालीम करा. यंत्र सुरू करा, शब्द लिहून घ्या, पाच-सातशे रुपयांचं काहीतरी त्यावर पाठवा. मग मुद्दाम चुकीचा पिन टाकून ते पुसा. आता कागद समोर ठेवून परत उभं करा. लेजरच्या नॅनो एस प्लस मॉडेलला दोनच बटणं आहेत, एकेक अक्षर पुढे-मागे करत शोधायचं, दोन-तीन अक्षरं झाली की ते शब्द सुचवायला लागतं (कुठल्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्याशी जुळत नाहीत अशीच यादी केलेली आहे), २४ शब्द होईपर्यंत अंगठा दुखतो. पण शेवटी तेच पाच-सातशे रुपये दिसले की कळतं की कागद बरोबर आहे. शेवटच्या शब्दात तपासणीचा हिशोब दडलेला असतो, त्यामुळे मध्ये एखादा शब्द चुकीचा लिहिला असेल तर यंत्र बहुतेक वेळा तिथेच नाही म्हणतं. मोठी रक्कम या तालमीनंतरच हलवायची.

शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी 'कोणाला कळू नये' म्हणून देवनागरीत लिहून ठेवले होते. त्या यादीत उजवं या अर्थाचा राइट पण आहे आणि लिहिणे या अर्थाचा पण आहे, बसा आता आलटून पालटून लावत. फोटो काढू नका, फोन आपोआप क्लाउडवर चढवतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नका. आणि जेल पेन तर अजिबात नको, एका पावसाळ्यात कोकणातल्या घरात कागदाची काय अवस्था होते माहीतच आहे सगळ्यांना. स्टीलच्या पट्ट्या मिळतात अक्षरं ठोकायला, नाहीतर भांड्यांवर नाव घालायचं मशीन कोणाकडून तरी आणून स्टीलच्या पत्र्यावर स्वतः कोरा. स्वतः हां. दुकानदाराकडे शब्द देऊन कोरून आणणारेही महाभाग आहेत.

झणझणीत_तर्री
सगळे यंत्राची आरती ओवाळताय म्हणून मध्ये पडतो. वझीरएक्सवाल्यांनीच तेव्हा सांगितलं होतं की व्यवहार मंजूर करायला डिजिटल सह्या करणाऱ्या त्यांच्या माणसांकडे लेजरचीच हार्डवेअर वॉलेट होती! तरी गेले ना पैसे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजचे दीड अब्ज डॉलर गेले तिथेही तोच प्रकार, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्याच व्यवहारावर. किल्ली कोणी चोरली नाही, मालकानेच कुलूप उघडून दिलं.
त्यामुळे यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर जे दिसतं तेच खरं धरायचं, लॅपटॉपवरचं नाही. ज्या वॉलेटला पाठवायचं त्याचा पत्ता (अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ) कॉपी-पेस्ट करताना मधल्यामधे बदलणारे व्हायरस आहेत, म्हणून स्क्रीनवरचा पूर्ण पत्ता वाचा, पहिले चार आणि शेवटचे चार जुळले की झालं असं करू नका, नेमके तेवढेच जुळणारे पत्ते बनवून लोकांना गंडवतात. नुसतं बिटकॉइन घेऊन ठेवायचं असेल तर धोका कमी. इथरवर एअरड्रॉप, फुकट टोकन वगैरेच्या नादाने कुठल्याही साइटला वॉलेट जोडलंत आणि न समजणाऱ्या मजकुरावर ओके दाबलंत तर ते सोळा हजाराचं यंत्र असो की सहा हजाराचं, काही उपयोग नाही.
आणि २५-३० हजाराचंच असतं तर म्हटलं असतं सोडा हो, ॲपमध्येच राहू द्या. अडीच लाखाला घेण्यात अर्थ आहे.

खडूस_काका
तर्रीशी सहमत (लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही).
अजून एक, लेजर घेतलंत तर येणाऱ्या मेलवर विश्वास ठेवू नका. २०२० मध्ये त्यांच्या ग्राहकांची यादी फुटली, अडीच लाखाच्या वर लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं नेटवर आलं. पुढे काहींना घरपोच खोटी लेजर यंत्रं आली, सोबत पत्र, 'सुरक्षेसाठी हे नवीन वापरा'. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर लाइव्हचं (यंत्रासोबत वापरायचं लेजरचं ॲप) खोटं ॲप होतं, त्यात लोकांचे लाखो डॉलर गेले. सगळ्यांचा रस्ता शेवटी एकच, तुमचे २४ शब्द इथे टाइप करा. कीबोर्डवर ते शब्द टाइप करायची वेळ आली की समजायचं समोर चोर आहे.

कटिंग_चहा
अरे बापरे, एवढं डोक्यातच नव्हतं. सेकंडहँड कॅन्सल. मग लेजर की ट्रेझर? आणि ॲपमधून बाहेर काढलं की ३० टक्के टॅक्स लागतो का?

घाटमाथा
दोन्हीपैकी कुठलंही चालेल, माझा कल ट्रेझरकडे. प्राग वाले आहेत, २०१४ पासून, सॉफ्टवेअर सगळं उघडं ठेवतात, कोणीही तपासू शकतं. त्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये सिक्युअर चिप (किल्ली जपणारी खास चिप) नव्हती आणि यंत्र हातात मिळालं तर १५ मिनिटांत किल्ली काढता येते असं क्रॅकन या एक्स्चेंजच्या लॅबने २०२० मध्ये दाखवलं होतं, म्हणून घेतलंत तर सेफ ३ किंवा त्यापुढचं घ्या, त्यात चिप आहे. लेजरमध्ये चिप पहिल्यापासून आहे पण २०२३ मध्ये त्यांनी रिकव्हर नावाची सेवा काढली, त्यात किल्लीचे तीन तुकडे करून वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवायचे, ऐच्छिक आहे म्हणा, तरी किल्ली यंत्राबाहेर जातच नाही असं ऐकत आलेल्या लोकांनी जाम शिव्या घातल्या. मलाही ते रुचलं नाही.

पैठणीचा_काठ
टॅक्सचं मी सांगते. ३० टक्के नफ्यावर आहे, विकल्यावर किंवा एका कॉइनचं दुसरं केल्यावर. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही. पण एक्स्चेंजवरची खरेदीची स्टेटमेंटं आत्ताच डाउनलोड करून ठेवा दादा, कारण उद्या विकाल तेव्हा खरेदीची किंमत तुम्हालाच दाखवावी लागणार. यंत्राचे पैसे किंवा एक्स्चेंजची विथड्रॉल फी नफ्यातून वजा करता येत नाही, फक्त खरेदी किंमत वजा होते. तुमच्या ॲपमधून कॉइन बाहेर पाठवता तरी येतात का तेही आधी बघून घ्या, सगळ्या ॲपमध्ये ती सोय नसते.
आणि वहिनींना यात घ्या हो. ॲपमध्ये असताना घरचे निदान कंपनीच्या दारात जाऊन कागदपत्रं देऊ शकतात. इथे तुम्हाला काही झालं आणि शब्द कुठे आहेत ते कोणालाच माहीत नसेल तर जगातलं कुठलंही कोर्ट ते परत मिळवून देऊ शकत नाही.

कटिंग_चहा
ताई हे एकदम बरोबर. पत्रा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर चालेल ना? लॉकर दोघांच्या नावावर आहे.

पैठणीचा_काठ
चालेल, फक्त पिन आणि शब्द एकाच पाकिटात नको. पासफ्रेज, म्हणजे २४ शब्दांवर आपला जादा गुप्त शब्द, लावलात तर तो वेगळ्या जागी लिहून ठेवा, तो विसरलात तर नुसत्या २४ शब्दांनी त्यामागचे पैसे उघडत नाहीत. आणि वहिनींच्या हाताने ती घाटमाथावाली तालीम एकदा करून घ्या, तुम्ही बाजूला गप्प बसून.

झणझणीत_तर्री
गप्प बसून, हेच अवघड आहे 😂