दोन चालू प्रोग्राममध्ये डेटा कसा नेलात? अनुभव लिहा

काटेकोर

धागा काढायला कारण झाली एक पावती. माझ्याकडे एकाच संगणकावर दोन छोटे प्रोग्राम दिवसभर चालू असतात. पहिला इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा आकडा वाचतो, दुसरा तो घेऊन पावती छापतो. दोन्ही मीच लिहिलेले, पण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत. ते एकत्र करायचं म्हटलं की जिवावर येतं. मधे निरोप्या म्हणून एक टेक्स्ट फाइल. पहिला तिच्यात लिहितो, दुसरा दर सेकंदाला उघडून बघतो. सगळं सुरळीत होतं, आणि एक दिवस १२४० किलोच्या मालाची पावती १२ किलोची निघाली.

काटा सिरियल पोर्टवरून एकेक अक्षर पाठवतो आणि मी ते येईल तसं फाइलीत टाकत होतो. १२०० बॉडला (सेकंदाला १२०० बिट या वेगाला) एका अक्षराला साधारण ८ मिलिसेकंद लागतात. चार आकडे उतरेपर्यंत फाइल अर्धवटच असते, आणि नेमकी त्या फटीत दुसऱ्याने ती उघडली. शंभरात दोन-तीनदा असं होणार हे गणित बोटांवर करता आलं असतं. पण पुढच्या सेकंदाला बरोबर आकडा यायचा आणि चूक झाकली जायची. त्या एका सेकंदात कोणी छापायचं बटण दाबेपर्यंत मला पत्ताच नव्हता.

ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचं स्वतंत्र घर देते, एका घरातला पत्ता दुसऱ्या घरात कामाचा नाही, हे सगळं माहीत होतं. मधलं दार कसं असावं याचा विचार मात्र कधी केला नव्हता. तुम्ही काय वापरलंत, कुठे तोंडघशी पडलात, ते लिहा. प्रोग्रामर नसाल तरी लिहा.

अर्धमात्रा

माझी गोष्ट विंडोजच्या डब्ल्यूएम_कॉपीडेटा या मेसेजची. एका प्रोग्रामची खिडकी दुसऱ्याच्या खिडकीला बाइट्सचा गठ्ठा आणि त्याची लांबी पाठवते. तो समोरच्याच्या मेमरीत पोचवायचं काम विंडोज करते. पाठवायचा सेंडमेसेजनेच (समोरच्याने हाताळेपर्यंत थांबणारा), पोस्टमेसेजने (टाकून पुढे जाणारा) नाही. आणि आलेला गठ्ठा मेसेज हाताळून होईपर्यंतच खरा, म्हणून लगेच स्वतःकडे उतरवून घ्यायचा. हे नियम आम्ही सगळे पाळले होते.

दोन्ही प्रोग्राम डेल्फी या भाषेतले. डेल्फी २००९ पासून स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक) झाली. आम्ही बऱ्याच उशिरा तिकडे गेलो. जुन्या कोडमध्ये लांबी म्हणून चिन्हांची संख्या दिली होती. जुन्या फॉन्टच्या मराठीत एक चिन्ह म्हणजे एक बाइट, त्यामुळे खपून जायचं. आता एका चिन्हाला दोन बाइट, लांबी मात्र तीच जुनी. म्हणजे निम्माच मजकूर पोचणार.

गंमत अशी, की आम्ही पाठवत होतो वाराचं नाव. ‘शनिवार’ची चिन्हं सहा, बाइट १२, पोचले ६. पडद्यावर ‘शनि’. तसंच ‘रवि’, ‘सोम’, ‘बुध’. इतकं व्यवस्थित दिसत होतं की कोणीतरी मुद्दाम लघुरूपं केलीत असं वाटून एकाने कौतुकही केलं! सात चिन्हांच्या वारांनी घात केला. मंगळवारी ‘मंग’ आणि त्याला चिकटून इंग्रजी तीनचा आकडा. गुरुवारी ‘गुर’ आणि पुढे इंग्रजी कॅपिटल ए. ‘ळ’चा युनिकोड क्रमांक ०९३३, त्यातला ३३ हा बाइट पोचला आणि ०९ मागे राहिला. ३३ हा बाइट म्हणजे इंग्रजी तीन. ‘ु’चा क्रमांक ०९४१, आणि ४१ म्हणजे ए. बग सापडल्याचा आनंद इतका झाला की दुरुस्त करायला आणखी अर्धा दिवस लावला.

फक्तवाचक

मंग३ 😂 धागा वाचनखुणेत टाकला.

ओळ_रकाना

मी प्रोग्रामर नाही, हिशेबाचं काम करते. आमच्याकडे एक प्रोग्राम दिवसभर उघड्या एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरत असतो. मधूनच तो ‘कॉल रिजेक्टेड’ असं काहीतरी म्हणून थांबायचा. ज्याने लिहून दिला त्याच्या समोर कधीच थांबायचा नाही. (हे तुम्हा सगळ्यांना ओळखीचं असेल.)

शेवटी माझ्याच लक्षात आलं. मी एखाद्या चौकोनात टाइप करता करता फोन घ्यायचे. कर्सर त्या चौकोनात लुकलुकत राहायचा, आणि तेवढा वेळ एक्सेल बाहेरच्या कोणाचंच ऐकत नाही. बरोबरच आहे म्हणा, मी लिहीत असताना कोणी वही ओढली तर मीही चिडेन. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला. आता नकार आला की तो थोडा थांबून पुन्हा विचारतो.

दुसरा त्रास असा, की संध्याकाळी सगळं बंद केलं तरी पडद्यावर न दिसणारी चार-पाच एक्सेल टास्क मॅनेजरमध्ये जिवंत असायची. त्याचं कारण मला नीट कळलेलं नाही.

खिडकीआड

@ओळ_रकाना, ताई, कारण साधं आहे. बाहेरचा प्रोग्राम एक्सेलला ज्या दोऱ्यांनी धरतो त्या सगळ्या सोडाव्या लागतात: फाइलीची, तक्त्याची, एखाद्या रकान्याचीसुद्धा. एक जरी हातात राहिली तरी एक्सेलला वाटतं, अजून कोणाला तरी आपण हवे आहोत. तुमच्या प्रोग्रामवाल्याला म्हणावं, एका ओळीत तीन-चार टिंबं देऊन खोलवर हात घालू नकोस. मधल्या प्रत्येक टिंबाला एक दोरी तयार होते आणि तिला नावच नसल्यामुळे ती वेळेवर सोडता येत नाही.

तिसरा_कप्पा

कॅमेऱ्याची चित्रं एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे न्यायची होती. १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एक चित्र साधारण ६२ लाख बाइटचं. सेकंदाला ३० चित्रं. आधी सॉकेटवरून (दोन प्रोग्राममधली नेटवर्कसारखी जोडणी) पाठवली. चालली, पण एवढा माल नुसता इकडून तिकडे उचलून ठेवण्यात प्रोसेसर दमत होता. मग शेअर्ड मेमरी घेतली: मेमरीचा एकच तुकडा दोन्ही प्रोग्रामना दिसतो, उचलाठेव नाही. वेग बघून फार खूश झालो.

खुशी दुपारपर्यंत टिकली. चालत्या माणसाचं डोकं एका जागी आणि पाय दुसऱ्या जागी दिसायला लागले. वाचणारा वरून खाली वाचत असताना लिहिणाऱ्याने पुढचं चित्र टाकायला घेतलेलं असायचं. काटेकोरच्या १२ किलोचंच हे भावंड. शेअर्ड मेमरी जागा देते. ‘आता वाच’, ‘आता थांब’ हे सांगत नाही. ते म्यूटेक्सने, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाने, आपणच सांगायचं.

म्यूटेक्स लावलं. मग लिहिणारा प्रोग्राम कुलूप हातात असतानाच कोसळला. विंडोजमध्ये अशा वेळी वाट बघणाऱ्याला कुलूप मिळतं, पण ‘वेट_अबँडन्ड’ असा वेगळा निकाल हातात येतो. अर्थ असा: किल्ली घे, पण आधीचा आतच गेला, सामान कसं पडलंय ते बघून मग हात लाव. मी तो निकाल ‘मिळालं’ या खात्यात टाकून पुढे गेलो होतो. लिनक्सवर सेमाफोर (किती जणांना आत सोडायचं ते मोजणारं साधन) वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. साधा पॉझिक्स सेमाफोर धरलेला असताना प्रोग्राम मेला तर तो आपोआप कोणी सोडवत नाही, मागे राहिलेले वाट बघत बसतात.

शेवटी तीन कप्पे केले. लिहिणारा नेहमी रिकाम्या कप्प्यात लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच त्याचा क्रमांक जाहीर करतो. वाचणारा जाहीर झालेलंच उचलतो. कुलूप आता फक्त क्रमांक बदलण्यापुरतं, क्षणभर लागतं.

आणि हो, एक प्रोग्राम ३२ बिटी आणि दुसरा ६४ बिटी असेल तर त्या तुकड्यात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवू नका. एकाचा ४ बाइटचा, दुसऱ्याचा ८ चा, पुढची सगळी मापं सरकतात. तशीही दुसऱ्या घरातला पत्ता ठेवून करायचंय काय?

पोर्टकरी

एवढा उपद्व्याप कशाला, १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे हाच संगणक) वर सॉकेट उघडा आणि मोकळे व्हा, असं माझं मत होतं. अजूनही बरंचसं आहे. भाषा कुठलीही असो, सिस्टीम कुठलीही असो, सॉकेट मिळतोच. उद्या दुसरा प्रोग्राम वेगळ्या संगणकावर गेला तरी फार बदलावं लागत नाही.

पण पहिल्या दिवशीचा धडा सांगतो. मी तीन निरोप पाठवले, समोर दोनच आले. दुसऱ्यात तिसरा चिकटलेला. टीसीपी (सॉकेट ज्या पद्धतीने डेटा नेतो ती) म्हणजे नळ. आपण बाटल्या भरून ओततो, पण समोर नुसतं पाणी पडतं, बाटल्या नाहीत. म्हणून आधी ४ बाइटमध्ये लांबी आणि मग मजकूर. वाचणाऱ्याने तेवढं जमा होईपर्यंत वाचत राहायचं.

दुसरा धडा: पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) म्हणून मी ५०००० निवडला, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. विंडोज बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना ४९१५२ ते ६५५३५ यांतलेच पोर्ट वाटते. कधीतरी माझा प्रोग्राम सुरू होण्याआधीच तो भलत्याला दिला जायचा आणि माझा म्हणायचा, जागा नाही.

खिडकीआड

@पोर्टकरी, अहो, एकाच संगणकावर राहायचं असेल तर नेम्ड पाइप (दोन प्रोग्राममधली नाव दिलेली नळी) का नको? नाव आपण ठेवायचं, पोर्टची भानगड नाही, कोण जोडू शकेल याची परवानगीही देता येते. मेसेज मोड घेतला तर तुमच्या बाटल्या बाटल्याच राहतात. लोकलहोस्टचं दार त्या संगणकावरच्या प्रत्येक प्रोग्रामला उघडं असतं; ब्राउझरमधलं एखादं पानही ठोठावून बघू शकतं. ओळख न विचारता आत घेत असाल तर ते दार नाही, खिंडार आहे.

पोर्टकरी

ओळख विचारतोच हो, सुरुवातीला एक गुप्त खूण द्यावी लागते. ती खूण दोघांना कुठून मिळते असं विचारू नका… फाइलीतून. 🙂

पडताळा

मी टेस्टर. माझा अनुभव तंत्राचा कमी आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’चा जास्त. एक प्रोग्राम साधा चालवला, दुसरा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ करून. साध्याचा मेसेज दुसऱ्याला पोचेना. लिहिणारी म्हणते पोचतो, मी म्हणते नाही; दोन दिवस यातच गेले. व्हिस्टापासून विंडोज खालच्या अधिकाराच्या प्रोग्रामचे बहुतेक मेसेज वरच्याच्या खिडकीपर्यंत जाऊच देत नाही. ती स्वतःचं सगळंच अ‍ॅडमिन म्हणून चालवायची, म्हणून तिला कधी दिसलं नाही. घरी पडताळून बघायचं असेल तर नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि साध्या एक्सप्लोररमधून एखादी फाइल ओढून त्यात टाकून बघा. पडत नाही.

तेव्हापासून माझ्या यादीत चार प्रश्न कायमचे: दोघांचे अधिकार वेगळे असतील तर? दुसरा सुरूच नसेल तर? मधेच बंद पडला तर? पहिल्याच्या दोन प्रती उघडल्या तर? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पाइपलाइन

लिनक्स. एका प्रोग्राममधून दुसरा सुरू केला, त्याचं आउटपुट पाइपने घ्यायचं ठरवलं, आणि ‘तो संपला की वाचू’ म्हणून थांबलो. छोट्या फाइलींवर उत्तम, मोठीवर कायमचा गोठायचा. पाइपमध्ये ६५५३६ बाइट मावतात. भरला की लिहिणारा जागा व्हायची वाट बघतो, मी तो संपायची वाट बघतोय. दोघंही शांत, प्रोसेसर शून्य टक्के.

दुसरी_प्रत

दोन प्रोग्रामच्या मधे मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल ठेवली आणि वर्षानुवर्षं निश्चिंत आहे. अर्धवट लिहिलेलं कोणाला दिसत नाही, ती काळजी ट्रान्झॅक्शन (लिहिलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) घेतं. सुरुवातीला ‘डेटाबेस इज लॉक्ड’ने छळलं, वाट बघायची मुदत घालून दिली आणि ३.७.० या आवृत्तीपासून मिळणारा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची पद्धत) लावला, तेव्हापासून वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. नवं काही आलंय का हे थोड्या थोड्या वेळाने विचारावं लागतं, तेवढं मी सोसते. एकदा कोणीतरी ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये हलवली. वॉल मोडला दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर हवेत, कारण आतून तोही शेअर्ड मेमरीच वापरतो. बॅकअप होता म्हणून निभावलं.

चिकटपट्टी

मी क्लिपबोर्ड वापरला. हसू नका. एक प्रोग्राम दर दोन सेकंदांनी क्लिपबोर्डवर आकडे ठेवायचा, दुसरा उचलायचा. पहिल्याच दिवशी एका बाईंनी पत्राचा मायना कॉपी केला आणि पेस्ट केला तर तिथे तापमानाचे आकडे. ते पत्र तसंच गेलं.

काटेकोर

एवढे अनुभव येतील असं वाटलं नव्हतं. मी सध्या सगळ्यात कमी बदलाचा उपाय केला: आकडा आधी वेगळ्या नावाच्या फाइलीत पूर्ण लिहायचा, बंद करायची, आणि मग नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी ठेवायची. दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर ठेवल्या. वेगळ्या असतील तर नाव बदलणं म्हणजे आतून कॉपीच, आणि पुन्हा अर्धवटपणा आला.

पडताळाताईंचा तिसरा प्रश्न वाचून मुद्दाम काट्याचा प्रोग्राम बंद केला आणि पावतीचं बटण दाबलं. शेवटचं वजन निमूट छापून आलं, पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. आता फाइलीत वजनासोबत वेळही लिहितो. तीन सेकंदांहून जुनी असेल तर पावती नाही.

पडताळा

आणि संगणकाचं घड्याळ मधेच मागेपुढे झालं तर? ते आपोआप जुळवलं जातं ना?

काटेकोर

…वेळ काढून क्रमांक टाकतो. दर सेकंदाला एकाने वाढणारा. तीनदा वाचून तोच दिसला तर पावती अडवायची. उद्या सकाळी बसवतो आणि काटा बंद करून, चालू करून, मधेच वायर काढून बघतो.