गेस्ट व्हीएलएएनवर एसीएल लावताच आयपी मिळेनासा का होतो

व्हीएलएएन म्हणजे एकाच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क, आणि एसीएल म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं (परमिट) आणि कोणतं अडवायचं (डिनाय) हे सांगणाऱ्या ओळींची यादी. तुम्ही अशा यादीने गेस्टच्या व्हीएलएएन २० मधून सर्व्हरचा व्हीएलएएन १० अडवला आणि नव्या लॅपटॉपना आयपी मिळेना, हे होणारच. नवा लॅपटॉप आयपी मागायला जे डीएचसीपी डिस्कव्हर पॅकेट पाठवतो, त्याचा सोर्स ०.०.०.० असतो. तुमची शेवटची परमिट ओळ फक्त व्हीएलएएन २० च्या पत्त्यांची (१९२.१६८.२०.०), त्यामुळे हे पॅकेट तिथे न जुळता खालच्या अदृश्य 'डिनाय'मध्ये जातं. जुनी लीज (मुदतीसाठी आधीच मिळालेला आयपी) असलेली मशिन्स काही काळ चालतात, म्हणून गोंधळ उशिरा कळतो.

सिस्को कॅटलिस्ट स्विचवर ओळींचा क्रम असा ठेवा: ओळ क्रमांक १० वर यूडीपी, कुठूनही पोर्ट ६८ ते कुठेही पोर्ट ६७ परमिट, २० वर डीएनएस सर्व्हर व्हीएलएएन १० मध्येच असेल तर फक्त त्याचा पोर्ट ५३, ३० वर १९२.१६८.१०.० (व्हीएलएएन १० चे पत्ते) डिनाय, ४० वर बाकी सगळं परमिट. मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग जुळवायचा हे सांगणारा आकडा, ०.०.०.२५५ असा, उलटा. २५५.२५५.२५५.० लिहिलंत तर स्विच तक्रार न करता भलतंच जुळवत बसतो.

लिस्ट इंटरफेस व्हीएलएएन २० वर 'इन' दिशेने लावा. 'इन' म्हणजे जोडलेल्या मशिन्सकडून स्विचकडे. एकाच व्हीएलएएनमधल्या दोन मशिन्समधली रहदारी मात्र याने थांबत नाही, त्यासाठी पोर्ट एसीएल (एकेका पोर्टवर लावलेली यादी) किंवा व्हीएलएएन मॅप (व्हीएलएएनच्या आतली रहदारीही गाळणारा) लागतो.

दूरून काम करताना आधी कॉन्फिग सेव्ह करून 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट) द्या, मग बदल करा. स्वतःलाच बाहेर कोंडलंत तरी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येईल. जमलं की 'रीलोड कॅन्सल' विसरू नका.