मदत हवी आहे: टोर्नेडोची ताकद मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात आठवीला विज्ञान शिकवते. वळवात पत्रे उडाले की मुलं विचारतात, "बाई, हा टोर्नेडो का?"

टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत आलेला वाऱ्याचा जोरदार भोवरा. त्याची ताकद मोजायला हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली मोजपट्टी सुधारून अमेरिकेत २००७ पासून वापरतात; तिला ईएफ (एनहान्स्ड फुजिता, म्हणजे सुधारित फुजिता) म्हणतात. वारा थेट मोजणं बहुधा जमत नाही, म्हणून मागं राहिलेल्या पडझडीवरून वेग ठरवतात. सगळ्यात खालची पायरी ईएफ-० म्हणजे ताशी साधारण १०५ ते १३७ किमी, फांद्या मोडतात. सगळ्यात वरच्या ईएफ-५ मध्ये वेग ३२० च्या वर, मजबूत घरंसुद्धा पायापासून साफ.

पण हे निकष तिकडची लाकडी घरं, इतर इमारती आणि झाडं बघून ठरवलेले. आपल्याकडं मातीच्या भिंती, कौलं, पत्र्याची शेडं, उभा ऊस. इथली पडझड बघून वेगाचा अंदाज कसा बांधायचा? बांधकाम किंवा हवामान क्षेत्रातलं कुणी सांगेल का? वर्गात येऊन बोललात तर फारच छान होईल.