मदत हवी आहे : स्वस्त रेड डॉट झीरो धरत नाही, दोष डॉटचा की एअरगनचा?

धुरेकरी

रामराम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. घरी 0.177 इंची छर्ऱ्याची, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअरगन आहे. शिकारबिकार नाही. डुकरं तुरीत नाचतात तरी त्यांच्यावर कधी रोखली नाही. गोठ्यामागं वाळूची पोती रचली आहेत, त्यापुढं डबडी अन् कागद, एवढाच शौक.

चाळिशी उलटून सात वर्षं झाली. मागची खाच, पुढची माशी (नेम धरायच्या साइट) अन् निशाण तिन्ही एकदम दिसणं बंद झालं. चष्मा लावला की माशी दिसते, डबडं पुसट. काढला की उलटं. म्हणून मुलानं ऑनलाइन 1,800 रुपयांचा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) मागवला. डोळ्यांपुरता सोन्यासारखा आहे. लाल ठिपका डबड्यावर ठेवायचा, बाकी काही पाहायचं नाही.

पण झीरो, म्हणजे ठिपका अन् छर्रा एका जागी जुळवलेला नेम, टिकत नाही. 15 मीटरवरून पहिले पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात बसतात. तीस-चाळीस छर्रे झाले की सगळे दोन बोटं खाली. डॉटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून जागेवर आणतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलगा उघड्या साइटनं (खाच-माशीनं) मारतो तर नेम होता तिथंच. म्हणजे गन ठीक, डॉट भंगार, असा माझा हिशेब. आता 5-6 हजारांचा घेऊ का? सोयाबीनचे पैसे हातात आहेत तोवर विचारून घेतो.

बोंडअळी

घ्या भाऊ, पण वहिनींना सांगू नका की डबडी फोडायला घेतला म्हणून.

सेलसंपला

आमच्याकडं आजोबांपासूनची लायसनची बारा बोअर आहे, डबल बार (दोन नळ्यांची). रिबवर (नळ्यांवरची पट्टी) पकडणारा माउंट, म्हणजे डॉट बसवायची पकड, लावून असाच स्वस्तातला डॉट बसवला होता. निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा केली, डॉट बंद करायचा राहिला. परत आणली तेव्हा सेल मेलेला. स्वस्तात आपोआप बंद व्हायची सोय बहुतेक नसते. 2032 चा बटण सेल खिशात ठेवत जा.

अन् उन्हाचं बोला ना कोणी! मे महिन्यात आपल्याकडं भर दुपारी ठिपका दिसतच नाही. उजेड पूर्ण वाढवला की बोराएवढा फुगतो, मग त्याच्यामागं डबडंच लपते.

दहामीटर

धुरेकरी भाऊ, पैसे खर्च करायच्या आधी थांबा. तुमच्या हिशेबात एक भोक आहे.

नळी मोडणाऱ्या गनची खाच अन् माशी दोन्ही बहुतेक नळीवरच असतात. बिजागरीत नळी जराशी खाली बसली तर दोन्ही साइट तिच्यासंगं खाली जातात. मुलाला फरक कळणारच नाही, त्याचा नेम जागेवर. डॉट मात्र मागच्या धडावर बसवलेला. नळी झुकली, डॉट झुकला नाही, छर्रा खाली. म्हणून उघड्या साइटनं बरोबर लागते एवढ्यावरून गन ठीक असं म्हणता येत नाही. नेमकं तिथंच पाहावं लागते.

छर्रा नाही, गन चढवलेली नाही, अशा वेळी एका हातात दस्ता अन् दुसऱ्या हातात नळी धरून आडवी हलवा. खटखट जाणवली तर बिजागरीचा स्क्रू ढिला आहे. जरासाच कसा. फार कसला तर नळी मोडायला जड जाईल.

दुसरं, माउंट. स्प्रिंगवाल्या गनचा झटका दुहेरी असतो. पिस्टन पुढं सुटतो तेव्हा गन मागं येते, अन् पिस्टन टोकाला थांबला की गन पुढं हिसका मारते. बंदुकीच्या हिशेबानं बनवलेल्या डॉटला मागचा धक्का ठाऊक असतो, हा पुढचा नाही. त्यामुळं माउंट हळूहळू मागं सरकतो. तुमच्या गनवर 11 मिलिमीटरची खाचेची पट्टी असेल, स्वस्त डॉटसंगं येणारा माउंट बऱ्याचदा 21 च्या रुंद रेलचा असतो. मधी अडॅप्टर घातला असेल तर सैल व्हायला आणखी एक जागा झाली.

तिसरं, खुद्द डॉट. पाच-सहा हजारांतला घेतला तरी हे समजून घ्या. 1 एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे 100 मीटरवर साधारण 2.9 सेंटिमीटर. तुमच्या 15 मीटरवर एक क्लिक 1 एमओएचा असेल तर छर्रा चार-साडेचार मिलिमीटर सरकतो, अन् 3 एमओएचा ठिपका तेरा मिलिमीटर जागा झाकतो. त्यात हे डॉट बहुतेक लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात. इतक्या जवळून डोळा काचेच्या कडेला गेला तर ठिपका निशाणावरून सरकतो. डोकं रोज एकाच जागी ठेवा, गाल दस्त्याला चिकटवून.

आणि मुलाला स्पर्धेत उतरवायचं मनात असेल तर त्याला याची सवय लावू नका. 10 मीटर एअर रायफलला पीप साइट (बारीक भोकातून पाहायची) लागते, आपल्याकडं ओपन साइटचा वेगळा गट असते. डॉट दोन्हीत चालत नाही.

बोंडअळी

दहामीटर साहेब, इतकं तर आमच्या सरांनी बारावीत भौतिकशास्त्र शिकवलं नव्हतं.

धुरेकरी

दहामीटर भाऊ, खटखट आहे! बारीक आहे, पण आहे. इतकी वर्षं हातात होती अन् लक्षातच आलं नाही. स्क्रू पाव आटा कसला.

माउंटही पाह्यला. मागं दीड-दोन मिलिमीटर सरकलेला, पट्टीवर घासल्याचा चकचकीत ओरखडा. बायकोची नेलपॉलिश घेऊन माउंट अन् पट्टीवर मिळून एक आडवी रेघ मारली, सरकला की रेघ तुटलेली दिसेल. (कशाला पाहिजे म्हणून विचारलं, खरं सांगितलं. बाटली परत घेतली.)

आज पन्नास छर्रे मारले. आधी दोन बोटं खाली जात होते, आता अर्ध्या बोटाच्या आतच. रेघ मात्र एका बाजूनं तुटली आहे, म्हणजे माउंट अजून सरकतच आहे. पट्टीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे, ते स्टॉप पिनसाठीच (माउंट सरकू न देणारी खीळ) ना? माझ्या माउंटला पिन नाही.

आणखी एक. मला ठिपका गोल दिसत नाही, शेपटी फुटल्यासारखा दिसते. ही खराबी डॉटची?

दहामीटर

भोक त्याच्यासाठीच. स्टॉप पिनवाला 11 मिलिमीटरचा माउंट घ्या, अडॅप्टर काढून टाका. नवा डॉट तोवर घेऊ नका.

शेपटीसाठी मोबाइलचा कॅमेरा डॉटमागं धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर डॉट बरा आहे, डोळ्यांचा नंबर तपासा.

धुरेकरी

फोटोत गोल आला भाऊ. सोमवारी यवतमाळला चष्म्याच्या डॉक्टरकडं जातो. माउंट कुठं मिळते ते तेवढं सांगा, 11 मिलिमीटरचा, पिनवाला.