उत्तर: सीमाभागातल्या शाळांना इतिहासाची पुस्तकं

काका, नमस्कार.

सीमाभागातल्या मराठी शाळांना महाराष्ट्राची इतिहासाची पुस्तकं धाडायला निधी जमवू म्हणालात, त्याला माझी हरकत नाही. पण बालभारतीचे गठ्ठे बेळगावकडच्या खानापूरला धाडून कपाटं भरतील, एवढंच. शाळा मराठी माध्यमाची असली तरी बोर्ड कर्नाटकचं, पुस्तकही त्यांचंच, मराठीत उतरवलेलं. दहावीचे प्रश्न त्यातून येणार. आपलं पुस्तक पोरं कशाला उघडतील?

इथं अमेरिकेत माझी लेक आठवीत आहे. 2010 साली इथं कॉमन कोर (कुठल्या इयत्तेत मुलांना काय यावं याची मानकं) आलं, त्यातल्या गणितावरून पुढं केवढी ओरड झाली होती! इतिहासात मात्र त्यानं कुठला राजा शिकवा हे सांगितलेलंच नाही, कसं वाचायचं तेवढं सांगितलंय. आठवीपर्यंत वस्तुस्थिती, मत आणि पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष वेगवेगळे ओळखता यावेत. नववी-दहावीत एकाच विषयावर दोघांनी काय लिहिलं, काय गाळलं, ते ताडून बघावं. ही कसोटी मुंबईला चालेल तशीच बेंगळुरूलाही चालेल.

बैलहोंगलजवळचं बेलवडी घ्या. 1678, दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणारं मराठी सैन्य आणि तिथली देसाईण. शिवचरित्र लिहिणाऱ्या सभासदाच्या बखरीत ती सावित्रीबाई, सत्तावीस दिवस गढी भांडवून शेवटी हरलेली. कानडी परंपरेत ती मल्लम्मा, आणि धारवाडजवळ यादवाडला तर त्या प्रसंगाची कोरलेली शिळाच दाखवतात. त्याच वर्षी इंग्रज वखारवाले लिहितात की एका बाईनं शिवाजीला अडवून धरलंय. सभासदानं बखर लिहिली पुढं राजाराम महाराजांच्या पदरी असताना, जिंजीला. इंग्रजांची बातमी त्याच दिवसांतली, पण ऐकीव. हे तीन तुकडे पोरांपुढं ठेवा आणि विचारा: कुणी, कधी, कुणाचं मीठ खाऊन सांगितलं?

— खानापूरचा

---

बाळा, बेलवडी जुनी झाली, तिच्यावरून आता कोण भांडतंय? 1956 चं बोल, भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तिकडं गेलं त्याचं. तिथंही दोन्ही बाजू ठेवायच्या म्हणतोस? आमच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्या त्या काय "एक मत" म्हणून?

— काका, निपाणी

---

काका, लाठ्या ही वस्तुस्थितीच. तिला कोण मत म्हणेल? पण सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल बघा. आपल्या घरी एवढंच ऐकलं की महाजननं बेळगाव घालवलं. 1967 च्या त्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला द्या असंही आहे, तुमची निपाणी आणि माझं खानापूर धरून. कर्नाटकवाले "महाजन अंतिम" म्हणतात तेव्हा हे सांगत नाहीत. आणि 247 गावं, अक्कलकोट-जतकडची, कर्नाटकाला द्यायची होती, ते आपण सांगत नाही. दोघांनी अर्धा अर्धा अहवाल पाठ केलाय. पोरांना सगळा वाचू द्या की.

— खानापूरचा

---

दादा, काका, मध्ये बोलते. माझी वहिनी तिकडं हायस्कूलला समाजविज्ञान शिकवते. ती म्हणते, वेळ कुठाय? सिलॅबस संपवतानाच दम निघतो. पण 20 गुण अंतर्गत असतात, प्रकल्प-बिकल्प त्यात. बेलवडीचे तीन उतारे दोन पानांत बसले, सोबत चार प्रश्न आले, तर ती वर्गात घेईल. महाजनचं आत्ता नको म्हणाली, हेडमास्तर घाबरतील. मला तिचं पटतं, काका रागावले तरी. दादा, उतारे तुम्ही काढा. सोप्या मराठीत मी बसवते. छपाई तिथंच करू, गठ्ठे पाठवण्याचा खर्चही वाचेल.

— शहापूरची