थंडी नसेल तर गोठतं का थिजतं?

मुचकुंदी: एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय नि एका शब्दावर अडलेय. १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट या शास्त्रज्ञांनी कम्प्युटरवर नुसत्या कडक गोळ्यांचा द्रव करून बघितला. गोळे एकमेकांना ओढत नाहीत, फक्त आपटतात, तरी दाटी वाढली की आपोआप रांगा लावून घन होतात (साधारण ४९ टक्के जागा भरली की सुरुवात होते असं पुढे ठरलं). मी "गोठतात" लिहिलं तर आई म्हणते, तुझ्या गोष्टीत गारठा कुठाय? तेल थिजतं, रक्त साकळतं, गोठायला थंडी लागते.

वैलावरचं: आईंचं बरोबर. पण थिजणं फक्त स्निग्ध पदार्थाचं हो. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीखाली गेलं की थिजतं, त्याला काय थंडी म्हणायची? डिसेंबरात पहाटे आमच्याकडे बाटली उलटी धरली तरी थेंब पडायचा नाही, आजी चुलीच्या वैलावर ठेवायची मग कुठे कडेकडेने सुटायचं आणि मधे पांढरा गड्डा तसाच डुलत राहायचा. भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) तर बारा महिने थिजलेलंच, दिव्यावर धरलं की पाघळतं.

रापण: पाघळतो तो गूळ, पावसाळ्यात. बाकी आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बर्फ "विरघळतो", वितळत नाही. मी परीक्षेत तसं लिहिलं नि बाईंनी अर्धा मार्क कापला, विरघळते ती साखर म्हणे. घरात सगळे विरघळलाच म्हणतात, मग चूक कोणाची?

शुद्धमती: बाईंची नक्कीच नाही. साखरेला पाणी लागतं, बर्फाला नुसती उष्णता पुरते, एवढा फरक शब्दात नको? आणि "घनीभवन" हा चांगला शब्द असताना हे थिजणं-बिजणं कशाला. फक्त "जमणे" नको, ते हिंदी.

रापण: घनीभवन नि संघनन यात पोरं अजून गटांगळ्या खातात, एकात पाण्याचा बर्फ, दुसऱ्यात वाफेचं पाणी. चांगला कसला.

मुचकुंदी: लेखात आर्गॉन वायूपण आहे, तो उणे १८९ डिग्रीला घन होतो, तिथे गोठणं चालेल. प्रश्न गोळ्यांचा आहे, तिथे थंडीचा संबंधच नाही, सगळा खेळ जागेचा.

वैलावरचं: म्हणजे गणपतीतली एसटी. कंडक्टर ओरडतो एकामागे एक उभे राहा, तसे राहिलो की प्रत्येकाला हात हलवायला जरा जास्तच जागा होते. "दाटणे" घ्या.

मुचकुंदी: एसटीचं अगदी तस्संच आहे! पण दाटणे? आभाळ दाटतं, गळा दाटतो, त्यात रांग कुठे आली.

शुद्धमती: गोठणे मुळात गोठ्यावरून असावं, गुरं एका जागी बांधलेली. म्हणजे रांग आलीच की.

रापण: हो, आणि राजापूरचं गोठणे-दोनिवडे गाव बर्फाखाली असतं ना 😄 बरं ते भिरंडेल अजून मिळतं का कुठे, टाचा फुटल्यात.

वैलावरचं: आमच्या शेजारच्या काकी करतात, मुठीएवढे गोळे.

मुचकुंदी: अहो आधी माझ्या गोळ्यांचं सांगा!

वैलावरचं: तुम्हालाही हवेत? किती सांगू काकींना?